विंडोज, लिनक्स, मॅक: सॉकेट जोडलं जातं, पण दुतर्फा बोलणं होत नाही

सॉकेट म्हणजे दोन प्रोग्रॅमना नेटवर्कवरून जोडणारं टोक. त्यातल्या बिघाडाची लक्षणं नेहमीचीच. सर्व्हर आणि क्लायंट एकाच मशीनवर चालवले की सगळं सुरळीत. क्लायंट विंडोजवर ठेवून सर्व्हर लिनक्सवर हलवला की कुठेतरी घोडं अडतं. कधी जोडणीच होत नाही, कधी जोडणी होते पण उत्तर परत येत नाही, कधी येतं ते अर्धवट किंवा अगम्य. टीसीपी, म्हणजे या बोलण्यामागचा नेटवर्कचा नियम, सगळीकडे एकच आहे, त्यामुळे दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या माथी मारण्यात फारसा अर्थ नसतो. बहुतेक वेळा चूक कोडमध्ये पहिल्यापासूनच असते, आणि दोनपैकी एक सिस्टिम ती सांभाळून घेत असते. बोलणं कुठल्या टप्प्यावर तुटतंय ते आधी पकडा, मगच कोडला हात लावा.

आधी एररचा आकडा

प्रकार एकच असला तरी तीन सिस्टिम त्याला तीन वेगळे आकडे देतात. खालचा क्रम विंडोज, लिनक्स, मॅक असा आहे:

जोडणी नाकारली: १००६१, १११, ६१
वाट पाहून वेळ संपली: १००६०, ११०, ६०
समोरच्याने मध्येच तोडली: १००५४, १०४, ५४
पोर्ट आधीच कोणीतरी धरलंय: १००४८, ९८, ४८
आत्ता काही नाही, नंतर या: १००३५, ११, ३५

पहिल्या दोन ओळींतला फरक नीट समजला तर निम्मा शोध तिथेच संपतो. ‘नाकारली’ याचा अर्थ पॅकेट समोरच्या मशीनपर्यंत पोचलं आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही असं उत्तर आलं. म्हणजे रस्ता मोकळा आहे, सर्व्हर चालू नाही किंवा चुकीच्या पत्त्यावर बसलाय. ‘वेळ संपली’ याचा अर्थ पॅकेट गेलं ते गेलंच. इथे संशय फायरवॉलवर किंवा चुकीच्या आयपीवर घ्यायचा. लिनक्स ११३ आकडा देऊन ‘होस्टकडे जायला रस्ता नाही’ म्हणत असेल आणि रस्ता तर दिसतोय, तर समोर बहुधा फायरवॉल-डी ही लिनक्सची फायरवॉल आहे. ती पॅकेट गुपचूप टाकून देत नाही, ‘मनाई आहे’ असा निरोप पाठवते, आणि तो निरोप या आकड्याच्या रूपात दिसतो.

वेळेवरूनही अंदाज बांधता येतो. काहीच उत्तर आलं नाही तर विंडोज २१ सेकंदांच्या आसपास हार मानतं, मॅक ७५ सेकंदांनी, आणि लिनक्स मूळ सेटिंगवर तब्बल दोन मिनिटांहून जास्त चिकटून राहतं. लिनक्सचा क्लायंट ‘हँग झालाय’ असं वाटतं ते पुष्कळदा एवढ्यामुळेच. विंडोजची आणखी एक सवय आहे: नकार आला तरी ते पुन्हा प्रयत्न करून बघतं, त्यामुळे १००६१ हा आकडा यायला एक-दोन सेकंद जातात. त्याला टाइमआउट समजू नका.

सी किंवा सी++ मध्ये लिहीत असाल तर आकडा कुठून वाचता तेही तपासा. विंडोजवर सॉकेटची चूक ‘एररनो’मध्ये येत नाही, ती विनसॉककडून, म्हणजे विंडोजच्या सॉकेट लायब्ररीकडून, वेगळी मागावी लागते. लिनक्सचा कोड तसाच उचलला की स्क्रीनवर ‘एरर: नो एरर’ असला विनोद छापून येतो. १००९३ दिसला तर सॉकेट उघडण्याआधी विनसॉक सुरूच केलेलं नाही.

जोडणीच होत नसेल तर

सर्व्हर कुठल्या पत्त्यावर बसलाय ते बघा. लिनक्सवर ‘एसएस -टीएलएनपी’, विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’, मॅकवर ‘एलसॉफ’. पोर्टच्या अलीकडे १२७.०.०.१ दिसलं तर सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. बाहेरच्याला त्याने दार उघडलेलंच नाही. बाइंड, म्हणजे सर्व्हरने पत्ता धरणं, ०.०.०.० वर करा. मात्र हा पत्ता ऐकण्यासाठी आहे, जोडण्यासाठी नाही. लिनक्सवर क्लायंटनेही ०.०.०.० वर कनेक्ट केलं तरी चालून जातं, म्हणून ही चूक लपते. तोच कोड विंडोजवर १००४९ देऊन थांबतो.

‘लोकलहोस्ट’ या नावाचाही घोळ असतो. ते आधी आयपी-व्ही-६ च्या पत्त्यावर सुटू शकतं आणि सर्व्हर व्ही-४ वर बसलेला असतो. उलट बाजूने, व्ही-६ वर ऐकणारा सर्व्हर लिनक्स आणि मॅकवर मूळ सेटिंगमध्ये व्ही-४ ची गिऱ्हाइकंही घेतो, विंडोजवर घेत नाही. ‘फक्त व्ही-६’ हा ऑप्शन विंडोजवर आधीपासून चालू असतो. बाइंड करण्याआधी तो आपल्या हाताने बंद करायचा.

विंडोजची फायरवॉल बंद करून बघण्यापेक्षा तिचे नियम उघडून बघा. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला तेव्हा परवानगीची खिडकी आली आणि घाईत ‘कॅन्सल’ दाबलं गेलं, तर त्या प्रोग्रॅमच्या नावाने ‘ब्लॉक’चे नियम तयार होतात. नंतर पोर्टला कितीही ‘अलाउ’ द्या, ब्लॉकचा नियम वरचढ ठरतो. आत येणाऱ्या नियमांच्या यादीत पायथन किंवा जावाच्या नावाची लाल खूण शोधा आणि तो नियम काढून टाका. नियम एक्झीच्या पूर्ण वाटेला बांधलेला असतो, म्हणून पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बदललं की परवानगीही पुन्हा लागते. नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ तेही बघा. परवानगी एकीला आणि जोडणी दुसरीवर, हे नेहमीचं. आणि पिंगवर विसंबू नका. विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही, तरी पोर्ट छान चालू असतं. पॉवरशेलमधलं ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा, ते खरं सांगेल.

लिनक्स जर व्हर्च्युअल असेल तर पत्त्यांचं गणितच बदलतं. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मूळ सेटिंगमध्ये नॅटमागे, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या आडोशामागे, असतं: विंडोजवरून त्यातल्या सर्व्हरकडे ‘लोकलहोस्ट’ने जाता येतं, पण त्यातून विंडोजवरच्या सर्व्हरकडे जायला डिफॉल्ट गेटवेचा पत्ता लागतो. एक दिशा चालते आणि दुसरी नाही, त्याचं हे अगदी साधं कारण. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये आतून बाहेरच्या मशीनला १०.०.२.२ म्हणतात, बाहेरून आत यायला पोर्ट फॉरवर्डिंग किंवा ब्रिज्ड अडॅप्टर हवा.

पोर्ट मोकळं असूनही विंडोज १००१३ देत असेल तर हायपर-व्हीने (विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेने) पोर्टांचा तो पट्टा राखून ठेवलेला असू शकतो. ‘नेटश’कडून राखीव पट्ट्यांची यादी मागवता येते. मॅकवर मॉन्टेरेपासून ५००० हे पोर्ट एअरप्ले रिसीव्हर धरून बसतो. मॅकओएस १५ पासून ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी वेगळी द्यावी लागते. नसेल तर ६५ आकड्याची ‘रस्ता नाही’वाली तक्रार येते. सर्व्हरसाठी ३२७६८ च्या खालचं आणि १०२४ च्या वरचं पोर्ट घ्या. ३२७६८ च्या वरच्या आकड्यांतून या सिस्टिम बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना पोर्ट वाटत असतात.

जोडणी होते, पण एकाच बाजूने बोलणं चालतं

खरा गुंता इथे आहे.

आधी एक गैरसमज. दुतर्फा बोलण्यासाठी सर्व्हरने क्लायंटकडे उलटं दुसरं कनेक्शन उघडायचं नसतं. जोडलेलं एकच सॉकेट दोन्ही दिशांनी चालतं. उलट कनेक्शन उघडलं की क्लायंटच्या फायरवॉलवर आणि नॅटवर आपटतं, आणि ‘विंडोजला पाठवता येतं, पण विंडोजवर येत नाही’ असं चित्र तयार होतं. ॲक्सेप्टने, म्हणजे क्लायंटला आत घेणाऱ्या कॉलने, जे नवं सॉकेट हातात दिलं त्याच्यावरच उत्तर लिहा. ऐकणाऱ्या मूळ सॉकेटवर लिहाल तर विंडोज १००५७ देईल. लिनक्सवर तर त्यासाठी सिग्नल येऊन प्रोग्रॅमच बंद पडू शकतो.

दुसरी गोष्ट: कनेक्ट यशस्वी झालं म्हणजे सर्व्हरच्या कोडने तुम्हाला उचललं असं नव्हे. हस्तांदोलन कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, परस्पर उरकतो आणि ॲक्सेप्टची वाट बघत रांगेत ठेवतो. सेंड यशस्वी झालं याचाही अर्थ एवढाच, की बाइट तुमच्या कर्नलच्या बफरमध्ये उतरले. म्हणून लॉगमधल्या ‘पाठवलं’ या शब्दावर भिस्त ठेवू नका. लिनक्सवर ‘एसएस -टीएनपी’ चालवा आणि रिसीव्ह-क्यू व सेंड-क्यू हे दोन रकाने बघा. मॅकचं नेटस्टॅटही ते दाखवतं, विंडोजचं दाखवत नाही.

रिसीव्ह-क्यू वाढत चाललाय: माल आलाय, तुमचा कोड वाचत नाहीये. सेंड-क्यू अडकलाय: तुम्ही दिलंय, समोरचा उचलत नाहीये. दोन्ही शून्य आणि तरी सगळं गप्प: माल अजून भाषेच्या बफरमध्येच आहे, किंवा दोघेही ‘आधी तू बोल’ म्हणत बसलेत.

शेवटच्या प्रकारात आधी फ्लश, म्हणजे बफरमधलं आत्ताच पुढे पाठवण्याची आज्ञा, शोधा. जावाचा बफर्डरायटर, पायथनमधलं मेकफाइल, डॉटनेटचा स्ट्रीमरायटर, हे सगळे फ्लश म्हणेपर्यंत मजकूर धरून ठेवतात. मग ओळीचा शेवट. वाचणारा पूर्ण ओळीची वाट बघत असेल आणि पाठवणाऱ्याने नवी ओळ टाकलीच नसेल तर तो जन्मभर थांबेल. जावाचं प्रिंटएलएन विंडोजवर १३ आणि १० असे दोन बाइट टाकतं, लिनक्सवर फक्त १०. लिनक्सच्या बाजूने १० वर ओळ तोडली की मागे १३ चिकटून राहतो. लॉगमध्ये ‘बंद’ असा शब्द स्वच्छ दिसतो, तुलना मात्र खोटी ठरते, कारण शेवटी एक न दिसणारा बाइट आहे. प्रोटोकॉलमध्ये ओळीचा शेवट १० असं ठरवून टाका, तो बाइट हाताने लिहा, आणि वाचताना शेवटचा १३ असला तर झटका.

जावाच्या ऑब्जेक्ट स्ट्रीमची गाठ वेगळीच. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम तयार होतानाच समोरून चार बाइटांच्या हेडरची वाट बघतो. दोन्ही बाजूंनी इनपुट आधी तयार केला तर दोघेही एकमेकांकडे बघत राहतात. आउटपुट आधी तयार करा, फ्लश करा, मग इनपुट.

आणि सर्वांत फसवं कोडं: छोटे मेसेज धावतात, मोठे पाठवले की दोघेही गोठतात. दोन्ही बाजू एकाच वेळी मोठा मजकूर पाठवतायत आणि पाठवून झाल्याशिवाय कोणीच वाचत नाही. दोन्हीकडचे बफर भरले की दोघांचंही सेंड अडतं. बफर किती मोठा हे प्रत्येक सिस्टिमवर वेगळं, वर लिनक्स ते चालता-चालता बदलतं. म्हणून एका जोडीवर २० किलोबाइटला गोठतं आणि दुसऱ्या जोडीवर मेगाबाइटभर निभावतं. अशा वेळी दोन्हीकडे रिसीव्ह-क्यू आणि सेंड-क्यू असे चारही आकडे शून्याच्या वर असतात. बफर वाढवून हा प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. वाचायला एक थ्रेड आणि लिहायला दुसरा, किंवा नॉन-ब्लॉकिंग (कुठेही अडून न बसणारा) लूप, एवढाच इलाज.

थ्रेड नको म्हणून कीबोर्ड आणि सॉकेट दोन्ही सिलेक्टमध्ये (अनेक ठिकाणी एकदम लक्ष ठेवणाऱ्या कॉलमध्ये) घालणारा कोड लिनक्स आणि मॅकवर चालतो. विंडोजचं सिलेक्ट सॉकेटखेरीज काही ओळखत नाही आणि १००३८ देतं. तिथे कीबोर्डला वेगळा थ्रेड द्यावाच लागतो.

येतं, पण मोडकंतोडकं

टीसीपी मेसेज पोचवत नाही, बाइटांचा प्रवाह पोचवतो. एका सेंडचं एक रिसीव्ह होईल असा नियम कुठेच नाही. एकाच मशीनवर हे कळत नाही, कारण लिनक्सच्या लूपबॅकवर एका पॅकेटची मर्यादा ६५५३६ बाइटांची असते आणि ५००० बाइटांचा मेसेज एका घासात येतो. इथरनेटवर मर्यादा १५००. हेडर वगळून एका पॅकेटमध्ये १४६० किंवा १४४८ बाइट मावतात. मग तोच मेसेज तीन-चार तुकड्यांत येतो आणि पहिल्या तुकड्यावर पार्सर कोसळतो. उलटही होतं: दोन छोटे मेसेज एकत्र येतात आणि दुसरा हरवल्यासारखा वाटतो.

आधी चार बाइटांत लांबी, मग मजकूर, अशी चौकट ठेवा. वाचायचं ते असं:

पूर्ण_वाच(सॉकेट, किती):
  जमा = रिकामं
  जोवर लांबी(जमा) < किती:
    तुकडा = सॉकेट.रिसीव्ह(किती − लांबी(जमा))
    तुकडा रिकामा असेल तर: समोरचा गेला, चूक कळव
    जमा = जमा + तुकडा
  जमा परत दे

आधी पूर्ण_वाच(सॉकेट, ४), त्यातून लांबी काढा, ती मर्यादेत आहे का तपासा, मग तेवढे बाइट पुन्हा याच फंक्शनने. रिकाम्या तुकड्याची ओळ विसरलात तर समोरचा गेल्यावर हे लूप सीपीयू १०० टक्क्यांवर नेऊन बसवेल.

लांबी नेटवर्क क्रमाने, म्हणजे मोठा बाइट आधी, पाठवा. इंटेल आणि एआरएम मशीनं मेमरीत छोटा बाइट आधी ठेवतात. ३०० ही लांबी तशीच पाठवली तर वायरवर ४४, १, ०, ० असे बाइट जातात आणि उलट्या क्रमाने वाचणाऱ्याला ७३,८२,६३,०४० बाइटांची वाट बघावीशी वाटते. लांबीचा अचाट आकडा आला की तो पुसून टाकू नका, वाचा. १२१३४८६१६० म्हणजे समोरून ‘एचटीटीपी’ ही अक्षरं आलीत. ११९५७२५८५६ असेल तर ‘गेट’. ३६९२९५६१६ असेल तर समोरचा टीएलएसचं (सुरक्षित जोडणीचं) हस्तांदोलन करू बघतोय. तिन्ही वेळा तुमचा कोड बरोबर आहे, दार चुकलंय.

सीचं स्ट्रक्चर जसंच्या तसं सॉकेटवर ढकलू नका. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर ‘लाँग’ ८ बाइटांचा, ६४ बिट विंडोजवर ४ चा. ‘डब्ल्यूचार’ विंडोजवर २, लिनक्सवर ४. मध्ये कंपायलरने भरलेल्या रिकाम्या जागा वेगळ्याच. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्येही फॉरमॅटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिलं नाही तर ‘एल’ची लांबी सिस्टिमप्रमाणे बदलते.

मजकूर नेहमी यूटीएफ-८ मध्ये, आणि लांबी बाइटांत मोजा, अक्षरांत नको. ‘नमस्कार’ या शब्दात ७ युनिकोड चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये त्याचे २१ बाइट होतात. लांबी ७ पाठवली तर समोरच्याला ‘नम’ आणि ‘स’चा पहिला बाइट मिळतो, उरलेले १४ बाइट पुढच्या मेसेजची लांबी म्हणून वाचायला घेतले जातात आणि तिथून पुढे सगळाच विचका. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली की ही चूक कधीच दिसत नाही. जावा १८ च्या आधी विंडोजवर मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ नसायचं, म्हणून तिथे ते स्पष्ट लिहा. डॉटनेटच्या स्ट्रीमरायटरला ‘एन्कोडिंग.यूटीएफ८’ दिलं तर तो सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट टाकतो. फक्त पहिलाच मेसेज ओळखला जात नसेल तर हेच कारण असण्याची दाट शक्यता.

मजकूर बरोबर येतो पण प्रत्येक उत्तराला थोडी ठेच लागते? लांबी एका सेंडने आणि मजकूर दुसऱ्या सेंडने जात असेल. दुसरा छोटा तुकडा पहिल्याच्या पोचपावतीसाठी अडतो आणि समोरची सिस्टिम पोचपावती मुद्दाम थोडी थांबवून देते: लिनक्सवर साधारण ४० मिलिसेकंद, जुन्या विंडोजवर २०० पर्यंत. दोन्ही जोडून एकदाच पाठवा, किंवा छोटे तुकडे न अडवता सोडणारा नो-डिले ऑप्शन लावा.

थांबणं, तुटणं, बंद करणं

टाइमआउटचा ऑप्शन विंडोजला मिलिसेकंदांचा साधा आकडा म्हणून लागतो, लिनक्स-मॅकला सेकंद आणि मायक्रोसेकंदांचं स्ट्रक्चर म्हणून. लिनक्सचं ५ सेकंदांचं स्ट्रक्चर विंडोजला दिलं तर ते पहिले चार बाइट वाचून ५ मिलिसेकंद समजतं. ‘विंडोजवर रिसीव्ह लगेच सुटतं’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. ऐकणारं सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असेल तर ॲक्सेप्टने दिलेलं सॉकेट विंडोज आणि मॅकवर नॉन-ब्लॉकिंगच जन्मतं, लिनक्सवर ब्लॉकिंग. गृहीत धरू नका, प्रत्येक वेळी स्वतः ठरवा.

तुटलेल्या जोडणीवर लिहिलं तर लिनक्स आणि मॅकवर सिगपाइप सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम एक शब्द न बोलता मरतो. शेलमध्ये निर्गमन कोड १४१ दिसला की समजा. सिग्नल दुर्लक्षित करा, मग साधी ३२ ची एरर मिळेल. विंडोजवर हा सिग्नलच नाही, म्हणून तिथे लिहिलेल्या कोडमध्ये त्याची सोय नसते.

दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट क्लोज केलं तर विंडोजवर अडकलेलं रिसीव्ह सुटतं, लिनक्सवर तसंच अडकून राहतं. तिथे आधी शटडाउन, मग क्लोज. निरोप देताना न वाचलेला मजकूर बफरमध्ये ठेवून क्लोज केलं तर समोरच्याला नीट शेवट न मिळता १००५४ किंवा १०४ मिळतो. पाठवणं संपलं की लिहिण्याची बाजू शटडाउन करा, समोरून रिकामा तुकडा येईपर्यंत वाचा, मग क्लोज.

सर्व्हर पुन्हा चालू करताना लिनक्सवर ९८ येत असेल तर रीयूज-ॲड्रेस ऑप्शन लावा. जुनी जोडणी तिथे ६० सेकंद रेंगाळते. हाच ऑप्शन विंडोजवर लावू नका. तिथे त्याने दोन प्रोग्रॅम एकच पोर्ट धरू शकतात आणि गिऱ्हाइकं कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जातात. विंडोजसाठी ‘एक्स्क्लुझिव्ह’चा वेगळा ऑप्शन आहे.

काही मिनिटं शांत राहिल्यावर जोडणी मरत असेल तर मधला राउटर नॅटची नोंद विसरतोय. कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते तपासणारा ऑप्शन) चालू केला तरी त्याची पहिली टकटक मूळ सेटिंगमध्ये दोन तासांनी होते. प्रोटोकॉलमध्येच दर ३० सेकंदांनी एक छोटा ‘आहे’ मेसेज ठेवा आणि तीन चुकले की जोडणी सोडून नव्याने जोडा.

दोन मशीनं हाताशी नसतील तर मध्ये एक छोटा रिले लिहा: एका सॉकेटवरून वाचायचं आणि दुसऱ्यावर एकेक बाइट, मध्ये मिलिसेकंदभर थांबत, पाठवायचं, दोन्ही दिशांना. नो-डिले लावायला विसरू नका, नाहीतर कर्नल ते बाइट पुन्हा गोळा करेल. वाचनाच्या लूपमधली आणि ओळ तोडण्यातली चूक अशा रिलेमागे पहिल्याच मेसेजला उघडी पडते, तीही एकाच मशीनवर.